बेवारशी दौलतीचे अर्थकारण

कोणी एक दूरचा नातलग परमुलुखात निपुत्रिक वारला, त्याच्या नावावर बँकेत कोट्यवधी डॉलर पडून आहेत आणि वारस म्हणून केवळ आपलेच नाव उरले आहे, अशा आशयाचे ई-मेल ज्यांना आजवर आले नाही असे वाचक विरळाच असतील. बहुतेकजण ते हसून बाजूला सारतात. तथापि हसणारे पुष्कळ आहेत म्हणून हा धंदा तोट्यात चालतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वस्तुतः हसणाऱ्यांनी हसून निघून जावे, हीच या धंद्याची सोय आहे.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली हा मुद्दा मार्मिकपणे मांडला होता. लाखो पत्रे धाडण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. खर्च येतो तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करण्याचा. तेव्हा जो अखेरीस पैसे देणारच नाही, असा चौकस मनुष्य पहिल्याच पायरीवर गळालेला बरा. नायजेरियाचे नाव, अचाट रक्कम, मोडकीतोडकी भाषा ही सारी चाळण होय. तिच्यातून जो पार होतो, त्याच्यावरच मेहनत घेतली जाते आणि मग वकिलाची फी, वारसा-कर, बँकेचे शुल्क अशी हप्त्याहप्त्याने वसुली सुरू होते.

हा प्रकार ई-मेलच्याही आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या तुरुंगातील कल्पित श्रीमंत कैद्याच्या नावाने अशीच पत्रे युरोपभर फिरत. नायजेरियाचे नाव त्याला चिकटले ते १९८० नंतरच्या दशकात. तेलाचे भाव कोसळले, १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला आणि १९८५ मध्ये डॉलरहून भारी असलेला नायरा २००० च्या सुमारास एका डॉलरला शंभर या पातळीला येऊन ठेपला. पदवीधर तरुणांना काम नाही आणि परदेशी चलनाला मात्र सोन्याचा भाव, अशा काळात टपालाने व पुढे फॅक्सने ही पत्रे जगभर जाऊ लागली. तेथील फौजदारी संहितेच्या ४१९ व्या कलमावरून या फसवणुकीला ‘चार-एक-नऊ’ हेच नाव पडले. (आपल्याकडे ४२० चे तेच झाले. दंडसंहिता जुलै २०२४ मध्ये पालटली, फसवणुकीचे कलम ३१८ झाले, शिवी मात्र जुन्याच क्रमांकाची राहिली.)

परंतु दारिद्र्याचे हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. या धंद्यातील अतिप्रचंड प्रकरणांपैकी एकाचा सूत्रधार इमॅन्युएल न्वुडे हा स्वतः एका मोठ्या बँकेचा माजी संचालक होता. १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराचे सोंग घेऊन त्याने ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते या बँकेला अबुजा येथील एका अस्तित्वातच नसलेल्या विमानतळासाठी २४ कोटी २० लाख डॉलरना बुडविले. त्या बँकेच्या उच्चाधिकाऱ्याला दलालीचे गाजर दाखविण्यात आले होते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या आर्थिक गुन्हे आयोगाने खटला चालविला आणि २००५ साली न्वुडेला २५ वर्षांची शिक्षा झाली. येथे फसणारा अडाणी नव्हता, की फसविणारा उपाशी नव्हता.

अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण मात्र अगदी अलीकडचे आहे. स्पेनमधील बँकेचे प्रतिनिधी म्हणून एका टोळीने अमेरिकेतील वृद्धांना पत्रे लिहिली आणि पोर्तुगालमध्ये वारलेल्या आप्ताच्या वारशाचे आमिष दाखविले. चारशेहून अधिक लोकांकडून साठ लाख डॉलरवर रक्कम उकळण्यात आली. म्हणजे माणशी सुमारे पंधरा हजार, पुष्कळांची म्हातारपणाची शिल्लकच. टोळीतील लोकांना युरोपातून अमेरिकेत आणण्यात आले आणि २०२३ ते २०२५ या काळात त्यांतील काहींना आठ वर्षांहून अधिक कारावास ठोठावण्यात आला. पैसा समुद्रापार नेला कोणी, हे त्यातले खरे पाहण्यासारखे अंग. आधी नागवले गेलेले आणि देण्यासारखे काही न उरलेले वृद्धच त्यासाठी वापरले गेले. नव्या बळींचा पैसा आपल्याकडे घ्यायचा आणि पुढे धाडायचा, हे काम त्यांच्याकडून करवून घेतले गेले. बळी आणि हस्तक यांतील सीमारेषाच पुसली जाते, हे या धंद्याचे सर्वांत क्रूर अंग म्हणावे लागेल.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पत्रलेखक हा येथे दुर्मिळ घटक नव्हे. एक पकडला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. दुर्मिळ आहे ते पैसे स्वीकारणारे, संशय न येणारे, स्थानिक माणसाचे बँक-खाते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या, किंबहुना तिच्या गव्हर्नरांच्या नावाने येणाऱ्या ई-मेलबाबत ती बँक वर्षानुवर्षे इशारे देत आली आहे. पण रुपयांत उकळलेली रक्कम प्रथम येथील एखाद्याच खात्यात पडते, आणि ते खाते अनेकदा भाड्याने घेतलेले असते. परदेशी आरोपी सापडला की बातमीच्या मथळ्यात त्याचे राष्ट्रीयत्व झळकते आणि येथे शिकावयास आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांकडे उगाच संशयाने पाहिले जाते. खाते देणारा मात्र आतल्या पानावरही क्वचितच दिसतो. अशी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ ही संगणकप्रणाली रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केली, ते योग्यच झाले.

तथापि खाते उघडून देणाऱ्या बँकेला स्वतःला झळ लागल्याखेरीज अशी यंत्रणा मनापासून राबविली जाईल, असे वाटत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत व्यवहारांपुरता असा नियम केला आहे की, फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतः पाठविलेली रक्कमही, ८५ हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत, परत मिळावी आणि तिचा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांनी निम्मानिम्मा उचलावा. त्यात ग्राहक बेफिकीर होतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही, आणि म्हणूनच भरपाईतील काही हिस्सा ग्राहकाच्या माथी ठेवण्याला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. स्वीकारणाऱ्या बँकेचा हिस्सा मात्र आपल्याकडेही निम्म्याहून कमी असता कामा नये, कारण चोराची थैली धरण्याचे काम तिच्याच गल्ल्यावर झालेले असते.