अनामत खोलीला, नदीला मात्र माफी

लातूर, यवतमाळ वा बीडहून चाकणच्या कारखान्यात कामाला आलेल्या तरुणाला दहा बाय बाराची खोली हवी असेल, तर घरमालक प्रथम अनामत मागतो. भिंतीला खिळा ठोकला, नळ मोडला, वीजबिल थकवले, तर ते वसूल करण्यासाठी भाडेकरूच्या मागे गावोगाव हिंडावे लागू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. या व्यवहारात कोणालाही अन्याय दिसत नाही. परंतु ज्या भूमीवर आणि ज्या नदीकाठी हे कारखाने उभे आहेत, त्या भूमीचा व नदीचा वापर करणाऱ्याकडून तशीच अनामत घ्यावी असे कोणी म्हटले, की लगेच ‘उद्योगविरोधी’ असा शिक्का तयार असतो!

कार्तिकी वारीला आळंदीत आलेल्या वारकऱ्याने इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस अनेक वर्षे पाहिला आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीपुढे माथा टेकण्यापूर्वी ज्या पाण्यात स्नान करायचे, ते ओंजळीत घेताना हात थबकतो. दर वर्षी छायाचित्रे छापली जातात, मंत्री पाहणी करतात, अधिकारी नमुने घेतात आणि पालख्या परतल्या की विषय संपतो. तळवडे, चिखली, कुदळवाडीचे नाले तसेच वाहत राहतात.

शासनाकडे साधन नाही असे नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 पासून अस्तित्वात आहे. कारखान्याला संमतिपत्र देताना हे मंडळ बँक हमी मागते. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र अमुक मुदतीत बसवा, ते नीट चालवा, अन्यथा हमीची रक्कम जप्त होईल, असे त्या पत्रासोबतच्या परिशिष्टात लिहिलेले असते. कल्पना उत्तम आहे. दंड वसूल करायचा तर खटला भरावा लागतो, पुरावा द्यावा लागतो, अपिले झेलावी लागतात. बँक हमी असेल तर मंडळाने लेखी मागणी करायची आणि बँकेने पैसे द्यायचे, असा सरळ मामला.

मग घोडे अडते कोठे? प्रथम रकमेशी. या हमीचे आकडे बहुधा पाच, दहा, पंचवीस लाख असे असतात. शेकडो कोटींची उलाढाल करणाऱ्या कारखान्याच्या खर्चात हा आकडा शोधावा लागेल. शिवाय बँकेला हमीपोटी द्यावयाचे असते ते केवळ कमिशन आणि थोडीशी तारण ठेव. संयंत्र रात्रंदिवस चालवण्याच्या विजेच्या आणि रसायनांच्या खर्चापेक्षा हमी जप्त होऊ देणे स्वस्त पडत असेल, तर हिशेबी माणूस काय करील, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

दुसरी अडचण मुदतीची. प्रत्येक हमीला अंतिम तारीख असते. त्या तारखेपूर्वी मागणी गेली नाही तर हमी हा निव्वळ कागद उरतो. नूतनीकरणाची आठवण कोणी ठेवायची? फाइल ज्याच्या टेबलावर आहे त्याने. सारी नदी एका टेबलावरच्या स्मरणशक्तीवर सोपवलेली आहे!

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. ही हमी कारखाना चालू असतानाच्या अटींसाठी असते, तो बंद पडल्यावर मागे राहणाऱ्या विषासाठी नव्हे. प्लेटिंगच्या टाक्या, जुन्या तेलाने काळी झालेली माती, आवारात पुरलेला गाळ यांचे काय? कंपनी दिवाळखोरीत गेली, तर 2016 च्या नादारी संहितेतील क्रमाने पैसे वाटले जातात. त्या रांगेत कामगार आहेत, बँका आहेत, शासनाची देणीही आहेत. नदी आणि माती मात्र कोठेच नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या कारखान्यांच्या जमिनींवर आज गृहसंकुले उभी आहेत. तेथे सदनिका घेणाऱ्या कुटुंबाने पायाखालच्या मातीचा अहवाल कधी पाहिला आहे काय?

राजस्थानातील बिछडी गावचे उदाहरण या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. रसायन कारखाने बंद पडले, गाळ राहिला, विहिरींचे पाणी लाल झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ असे ठणकावले. पण भरपाई देणे लांबवण्यासाठी अर्जांवर अर्ज होत राहिले आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाला सुमारे 37 कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. निकाल गावाच्या बाजूचा, पंधरा वर्षेही गावाचीच गेली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच. आधीच अनामत असती तर?

धनाढ्य अमेरिकेने तर याचा फार मोठा भुर्दंड भरला. तेथील संघीय जमिनीवरील तेलविहिरींसाठी एका पट्ट्यामागे दहा हजार डॉलरची किमान हमी 1960 मध्ये ठरली आणि ती थेट 2024 मध्ये दीड लाखापर्यंत वाढवली गेली. मधल्या काळात देशभर मालक परागंदा झाले, विहिरी उघड्या राहिल्या, आणि त्या बुजवण्यासाठी 2021 च्या कायद्याने जनतेच्या तिजोरीतून 470 कोटी डॉलर मंजूर करावे लागले. भारतात तेलक्षेत्रे मोकळी करताना लागणाऱ्या खर्चासाठी निधी साठवण्याची योजना 1999 पासून आहे. खाणमालकालाही खाण बंद करण्याच्या कामासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या मातीनेच असे काय पाप केले आहे?

आजवर अधिकाराविषयीच शंका घेतली जात होती. मंडळाला अशी हमी मागण्याचा अधिकारच नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये तो फिरवला. जल व वायू कायद्यांखाली संभाव्य हानीपोटी आगाऊ बँक हमी घेण्याचा मंडळांना अधिकार आहे, मात्र त्यासाठी नियम करावेत आणि संबंधितांना बाजू मांडू द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे ‘अधिकार नाही’ ही ढाल गेली. त्याच वर्षीच्या जुलैत केंद्राने दूषित स्थळांविषयीचे नियम काढले. त्यात शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार व्यक्तीवर आहे, पण ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर भार शासनावर, अर्थात करदात्यावर. ऐपत आधीच तपासण्याचा मार्ग म्हणजे अनामतच नव्हे काय?

उद्योग गुजरातेत जातील, हा बागुलबुवा आता पुढे येईल. जे कारखाने चाकणला आले, ते सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या साखळीसाठी, कुशल हातांसाठी आणि मुंबईच्या बंदराच्या सान्निध्यासाठी आले. पंचवीस लाखांची हमी पन्नास लाखांची झाली म्हणून कोणी असेंब्ली लाइन उचलून नेत नसतो. खरी अडचण भोसरी-तळवड्याच्या लघुउद्योजकाची आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. त्याचे खेळते भांडवल आधीच मोठ्या कंपनीच्या थकलेल्या बिलांत अडकलेले असते. त्याच्याकडून स्वतंत्र हमी मागण्याऐवजी वसाहतनिहाय सामाईक निधी करावा, आणि ज्याचा माल तो बनवतो त्या मोठ्या कंपनीने त्यात आपला वाटा घालावा.

इंद्रायणीतील मैला कारखान्यांचा नव्हे, शहराचा आणि गावांचा आहे, असाही प्रतिवाद होईल. तो पुष्कळ अंशी खरा आहे. महापालिकेला दंड केला तर तो शेवटी नागरिकच भरतो, म्हणून तेथे अनामतीचे हत्यार बोथट ठरते. तेथे अधिकाऱ्यांची व्यक्तिगत जबाबदारीच ठरवावी लागेल. परंतु शेजाऱ्याने घाण केली म्हणून आपल्यालाही परवाना, हे कोणते शास्त्र?

मार्ग अवघडही नाही. औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड विकत दिलेले नसतात, दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेले असतात. म्हणजे चाकणमधील त्या खोलीप्रमाणेच येथेही घरमालक आहे आणि भाडेकरू आहे. भूखंड हस्तांतरित करताना महामंडळाची परवानगी लागते, शुल्क भरावे लागते. त्याच अर्जाला माती आणि भूजलाचा तपासणी अहवाल जोडणे सक्तीचे करावे, स्वच्छता होईपर्यंत हमी जिवंत ठेवावी, आणि प्रत्येक हमीची रक्कम, मुदत व जप्ती मंडळाने कारखान्याच्या फाटकावरील फलकावर मराठीत लिहवून घ्यावी. तळवड्याच्या रस्त्याने आळंदीला पायी निघालेल्या वारकऱ्यालाही ती वाचता येईल.