साठ म्हणजे किती?

"सर्वात कठीण धातू कोणता?" ओरलला हमखास येणारा प्रश्न. आपणही 'क्रोमियम' म्हणून मोकळे होतो. पण माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. ओरखड्याच्या मोह्स मापावर क्रोमियम ८.५ आणि टंगस्टन ७.५. तेच व्हिकर्सच्या हिऱ्याने ठसा घेतला की टंगस्टन पुढे! मोजायची पद्धत बदलली आणि पहिला नंबर बदलला.

लॅबमधलं रॉकवेल मशीन घ्या. पितळेचा तुकडा बी स्केलवर ६० दाखवू शकतो आणि हार्डन केलेलं टूल स्टील सी स्केलवर ६०. म्हणून दोघं सारखे? मुळीच नाही. बी ला १/१६ इंची गोळी आणि १०० किलोचा भार, सी ला हिऱ्याचा शंकू आणि १५० किलो. पोलादाच्या तक्त्यात सी ६० म्हणजे व्हिकर्स सुमारे ७००, तर बी ६० म्हणजे जेमतेम ११०. तरी कित्येक जर्नल्समध्ये नुसतं 'हार्डनेस = ६०' सापडेल, आणि त्यावर सहीसुद्धा!

दुसरं म्हणजे, कठीणपणा नुसता धातूच्या नावात नसतो, त्याचं काय केलंय यात असतो. सुमारे एक टक्का कार्बनचं मऊ केलेलं पोलाद कानसेखाली मुकाट घासलं जातं. तेच ७८० अंशांच्या आसपास लाल करून पाण्यात विझवलं की कानस वरून घसरते. पण तेव्हा ते इतकं ठिसूळ असतं की हातोडीच्या घावाने तुटेल. म्हणून परत थोडं तापवून टेम्परिंग. गावचा लोहार विळ्याला 'पाणी देतो' ते हेच.

आमच्या काळेवाडीतून पिंपरी-भोसरी-चाकणला शिफ्टला जाणाऱ्या एखाद्या काकांना विचारा, कुठला धातू भारी? ते उलट विचारतील, "ड्रॉइंगवर काय लिहिलंय?" गाडीच्या गिअरचा दात वरून ५८ ते ६२ एचआरसी असतो, आतून मुद्दाम कमी. वरचा थर झिजू नये, आतल्याने धक्का सोसावा. आतपर्यंत कडक केला तर दात तुटायचा. आणि लॉट रिजेक्ट झाला, तर भुर्दंड बहुतेक वेळा जॉबवर्क करणाऱ्या छोट्या शेडवाल्याला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तयार स्पेसिमेनवर तीन रीडिंग घेऊन प्रॅक्टिकल उरकण्यापेक्षा प्रत्येक बॅचने एकाच सळईचे तीन तुकडे करावेत. एक तसाच, एक विझवलेला, एक टेम्पर केलेला. आधी कानस लावावी, मग मशीन, आणि शेवटी गॉगल लावून, व्हाइसमध्ये धरून हातोडी. सबमिशनच्या धावपळीत एक तास जास्त जाईल, जाऊ दे. उद्या एखाद्या कंपनीत कुणी नुसता ६० लिहिलेला कागद पुढे केला, तर सही करण्याआधी आपल्या तोंडून आपोआप निघालं पाहिजे, "कुठल्या स्केलवर?"