भोजकट : कथेतले राज्य आणि ताम्रपटातले राज्य

विदर्भाच्या वाङ्मयेतिहासावरील प्रबंधांचे पहिले प्रकरण बहुधा भीष्मक राजापासून सुरू होते. कुंडिनपूर म्हणजे वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली आणि रुक्मिणीहरण झाले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून, ही समीकरणे एका परिच्छेदात उरकून अभ्यासक वाकाटकांकडे वळतो. पुराण, लोकश्रुती आणि ताम्रपट या तीन वेगवेगळ्या जातींच्या साधनांना येथे एकाच पंगतीत बसविले जाते. त्यात इतिहासाची हानी होते हे उघडच आहे. वाङ्मयाची जी हानी होते ती मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

रुक्मीची कथा मुळात शौर्याच्या संकेतांची कथा आहे. बहिणीचे हरण झाले तेव्हा कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून तो पाठलागावर निघाला आणि पराभूत झाला. भागवतकारांनी तर त्याचे केस व मिशा भादरून घेतल्या आहेत. जिवंत राहिलेल्या रुक्मीने शब्द पाळण्यासाठी पराभवाच्या जागीच भोजकट वसविले. प्रतिज्ञाभंगाच्या लाजेतून उभी राहिलेली अशी राजधानी भारतीय कथासाहित्यात विरळाच. हा राजपुत्र ज्या घराण्यातला, ते महाभारताच्या सभापर्वात जरासंधाच्या साम्राज्याला जोडलेले आहे. कृष्णाशी आप्तसंबंध असूनही भीष्मक मगधाच्या बाजूला आहे. पुढे सहदेवाच्या दिग्विजयात हेच राज्य युधिष्ठिराचे सार्वभौमत्व मान्य करते. उद्योगपर्वात रुक्मी एक अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे येतो, अर्जुनाला भय वाटत असेल तर साह्य करीन असे म्हणतो आणि नाकारला जातो. मग दुर्योधनाकडे जातो आणि तेथेही नाकारला जातो. मोठ्या साम्राज्यांच्या संघर्षात मांडलिकाच्या अभिमानाला जागा नसते, याचे इतके नेमके चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल. विदर्भातील अभ्यासकांनी मात्र हा प्रसंग जवळजवळ वाऱ्यावर सोडला आहे, कारण त्यांचे लक्ष भोजकटचे स्थान नकाशावर कोठे टेकवावे याकडे लागलेले असते.

आता दुसरे भोजकट. भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत भोजकटच्या एका भिक्षुणीचा उल्लेख येतो, म्हणजे हे नाव जुने आहे. त्याचा खरा भरघोस पुरावा अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या, वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात मिळतो. फ्लीट यांनी तो १८८८ मध्ये आणि मिराशी यांनी १९६३ मध्ये आपापल्या लेखसंग्रहांत संपादित केला. राज्यवर्ष अठरावे. मधुनदीच्या काठचे, भोजकट राज्यातील चर्मांक हे गाव राजमानाने आठ हजार भूमीइतक्या क्षेत्रासह एक हजार ब्राह्मणांना दिले आहे. येथील ‘राज्य’ हा शब्द वाकाटक साम्राज्याच्या एका प्रशासकीय विभागाचा वाचक आहे. दानाला जोडलेल्या अटीही पाहण्यासारख्या आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याच्या सप्तांगांचा द्रोह करू नये, चोरी वा व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. यांतील काही घडल्यास भूमी काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. कथेतले भोजकट एका क्षत्रियाच्या युद्धहट्टातून जन्मले, तर ताम्रपटातल्या भोजकटमध्ये शस्त्र उचलणाऱ्याची जमीन जाते! या दोहोंना एकच ठरविण्याच्या घाईत हा विरोध पुसला जातो. वास्तविक तोच अभ्यासाचा विषय व्हावयास हवा.

तिसरे उदाहरण दंडीचे. ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाचा भोजवंशीय राजा पुण्यवर्मा, त्याचा दंडनीतीकडे पाठ फिरविणारा पुत्र अनंतवर्मा, त्याला व्यसनांत बुडविणारा अश्मकराज वसंतभानू, वनवासीच्या भानुवर्म्याचे आक्रमण, मांडलिकांचा विश्वासघात आणि माहिष्मतीकडे पळालेली राणी वसुंधरा असा पट येतो. वासुदेव विष्णु मिराशी यांनी यात हरिषेणानंतरच्या वाकाटक साम्राज्याच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब पाहिले. वॉल्टर स्पिंक यांनी तर अजिंठ्याच्या लेण्यांचा कालक्रम लावताना या कथेचा मोठा आधार घेतला. मिराशींचा तर्क तेजस्वी आहे आणि तो त्यांनी शिलालेखांच्या पक्क्या बैठकीवरून केला, हे विसरता येत नाही. तथापि हरिषेणाच्या उत्तराधिकाऱ्याचे नाव कोणत्याही कोरीव लेखात मिळालेले नाही. तेव्हा तर्काला तर्क म्हणणे भाग आहे. पदव्युत्तर टिपणांत मात्र ‘अनंतवर्म्याच्या दुर्बळ राजवटीत वाकाटक साम्राज्य कोसळले’ असे वाक्य ऐतिहासिक विधान म्हणून बिनदिक्कत येते. दंडीची उपहासदृष्टी, राजाला नीतिशास्त्राची टवाळी ऐकविणारा त्याचा दरबारी विहारभद्र, हे सारे त्या वाक्यात गडप होते.

हाच न्याय मराठी काव्याला लावला तर काय हाती येते? रिद्धपूरच्या परिसरात महदाइसेने ‘धवळे’ रचले ते गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. १५७१ मध्ये एकनाथांनी काशीत तीच कथा जीव-शिवाच्या ऐक्यापर्यंत नेली. तीनही ठिकाणी भीष्मकाचे राज्य वेगळे आहे. नरेंद्राबाबत महानुभाव परंपरा सांगते की, रामदेवराव यादवाने ते काव्य आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने नकार दिला. ही आख्यायिका अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू; सार्वभौम राजाला एका कल्पित राज्याच्या कथेची मालकी हवीशी वाटावी, एवढे तरी त्या परंपरेला सुचले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. भूमीशी नाते तोडले तर वऱ्हाडच्या वाङ्मयाला स्वतःचे असे काय उरेल? आषाढीला कौंडिण्यपुराहून पंढरीस निघणारी रुक्मिणीची पालखी ही माहेरची पालखी आहे. ती श्रद्धा खोटी ठरविण्याचा अधिकार कोणत्याही संशोधकाला नाही, आणि येथे तसे सुचवावयाचेही नाही. परंतु अरुणाचलातील इदू मिश्मी समाजही रुक्मिणीला आपली लेक मानतो. तेथे भीष्मकनगर नावाचा किल्ला आहे, आणि गुजरातेतील माधवपूरच्या मेळ्यात २०१८ पासून ईशान्येकडील मंडळी वधूपक्ष म्हणून येतात. एका राजकन्येला दोन माहेरे असू शकतात. उत्खननाला मात्र ते मान्य करता येत नाही. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६० नंतरच्या दशकात कौंडिण्यपूरला केलेल्या उत्खननाने प्राचीन वस्तीचे थर दाखविले. त्या वस्तीला राहणारे लोक स्वतःच्या राजाला भीष्मक म्हणत होते की काय, हे मडक्यांचे तुकडे सांगू शकत नाहीत.

मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना भोजकटचे स्थाननिश्चितीकरण करण्यास सांगणे हे त्यांच्या साधनसामग्रीच्या बाहेरचे काम आहे. चम्मकच्या ताम्रपटातील अटी, उद्योगपर्वातील रुक्मीचे दोन नकार आणि ‘धवळ्यां’तील रुक्मीचे बोलणे शेजारी ठेवून वाचणे त्यांना सहज शक्य आहे. लग्नघरात गायिल्या जाणाऱ्या गीतांत नवरीच्या रुसलेल्या भावाला कसे वागविले जाते, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेला दिसत नाही.