हसताय कोणाला?



गेल्या महिन्यात चार-पाच घरची मंडळी जमली होती. जेवणं झाली, मुलं खाली तळघरात पांगली आणि कोणीतरी म्हणालं, काहीतरी हलकंफुलकं लावा. म्हणून नेटफ्लिक्सवर ‘द पोल्का किंग’ लावला. २०१७ साली सनडान्स महोत्सवात दाखवलेला आणि जानेवारी २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला हा विनोदी चित्रपट एका खऱ्या माणसावर बेतलेला आहे. सगळे पोट धरून हसले. मीही पहिली वीस मिनिटं हसलो. नंतर हसू येईना. का येईना, हे त्या रात्री नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत. यान लेवान हा पोलंडमधून अमेरिकेत आलेला गायक. पेनसिल्व्हेनियातल्या हेझलटन या जुन्या कोळसा-खाणींच्या गावात त्याने बस्तान बसवलं. भरजरी पोशाख घालून तो पोल्का गायचा. पोल्का म्हणजे ॲकॉर्डियन-क्लॅरिनेटच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत, मध्य युरोपातून आलेल्या कष्टकऱ्यांचं. १९९५ साली त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. गावात त्याचं भेटवस्तूंचं दुकान होतं. चाहत्यांना तो युरोपच्या सहलीला न्यायचा, पोपची भेट घडवायचा. आणि याच चाहत्यांना तो प्रॉमिसरी नोटा विकायचा. व्याज वर्षाला १२ टक्के, काहींना त्याहून जास्त. राज्याच्या रोखे आयोगाने हे बेकायदा आहे, बंद कर, असं बजावलं. त्याने मान डोलावली आणि धंदा चालूच ठेवला. सुमारे ४०० माणसांचे जवळजवळ ५० लाख डॉलर्स बुडाले. २००४ साली तो तुरुंगात गेला, २००९ साली सुटला.

यातलं गणित चौथीतल्या पोरालाही समजेल. ५० लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला ६ लाख डॉलर्स नुसतं व्याज. एक वाद्यवृंद आणि एक भेटवस्तूंचं दुकान, यांतून बॅंडचे पगार, बसचा खर्च आणि घरखर्च भागवून वर ६ लाख निघणार कुठून? ते नव्या ठेवीदाराच्या मुद्दलातूनच निघतात. कालच्या आजीचं व्याज आजच्या आजोबांच्या पुंजीतून. इथे चुकून तोटा झाला असं काही नाही. पहिल्या दिवसापासून हे असंच चालू शकतं, दुसऱ्या कोणत्याही रीतीने नाही.

आता चित्रपट काय करतो ते पाहा. जॅक ब्लॅकने लेवान झकास रंगवला आहे, वादच नाही. गोड, भाबडा, मोडकं इंग्रजी बोलणारा, सगळ्यांना खूश ठेवू पाहणारा. बायकोच्या सौंदर्यस्पर्धेची भानगड, बॅंडमधल्या मित्राची कुरबुर, २००१ सालचा बसचा अपघात, तुरुंगात त्याच्या गळ्यावर झालेला वार, सगळं येतं. लेवानला काय काय सोसावं लागलं हे आपल्याला तपशीलवार कळतं. पैसे गेलेल्यांपैकी कोणाची हकिगत तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही. म्हातारी माणसं येतात, हसतात, चेक देतात आणि पडद्याबाहेर जातात. ज्या एका बाईला या माणसाचा वास येतो ती त्याची सासू, आणि तिला कजाग, कर्कश, हास्यास्पद करून ठेवली आहे. म्हणजे खरं बोलणारी बाई विनोदाचा विषय, आणि खोटं बोलणारा बुवा सहानुभूतीचा.

त्या रात्री एका मित्राने लगेच मला झापलं. “अरे, कॉमेडी आहे ती. तुम्ही पुरोगामी लोक हसायलाही परवाना मागता!” आक्षेप जुनाच आहे, पण त्याला उत्तर द्यायला हवं.

भामट्यावर विनोद करू नये, असं मी म्हणत नाही. आपल्या मराठी रंगभूमीनेच तो करून दाखवला आहे. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं तेही माधव काझीच्या खऱ्या खटल्यावरून. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे काय कमी गोड होता? निपाणीचा तंबाखूवाला म्हणून तो सरकारी वकिलाला पाणी पाजायचा तेव्हा अख्खं नाट्यगृह हसायचं. पण अत्र्यांनी नाटक बसवलं कुठे? कोर्टात. प्रत्येक फसवलेली बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येते आणि आपल्या तोंडाने सांगते की माझं काय झालं. प्रेक्षक लखोबाच्या चलाखीवर हसतो आणि पुढच्याच क्षणी त्याला त्या बाईच्या डोळ्यांत पाहावं लागतं. ‘द पोल्का किंग’ने हा पिंजराच काढून टाकला. विनोद करणं हा गुन्हा नाही. साक्षीदारांना घरी पाठवून केलेला विनोद मात्र आरोपीच्या वकिलाचं भाषण होतो.

दुसरा मुद्दा वर्गाचा. २०१७ मध्येच एचबीओने बर्नी मेडॉफवर ‘द विझार्ड ऑफ लाइज’ काढला. भूमिका रॉबर्ट डी नीरोची, सूर गंभीर, शोकांतिकेचा. मेडॉफची पद्धत लेवानसारखीच, फक्त पुढे शून्यं जास्त. त्याने बुडवले ते बॅंका, धर्मादाय संस्था आणि श्रीमंत कुटुंबं (साधी माणसंही होती, पण चर्चा झाली ती बड्यांची). त्याला १५० वर्षांची शिक्षा झाली आणि शोकांतिकाही मिळाली. खाणगावातल्या म्हाताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी गेली, त्यावर मात्र विनोदपट. कारण अमेरिकेच्या अभिजन संस्कृतीत पोल्का हीच मुळात चेष्टेची गोष्ट आहे. ग्रॅमीने १९८० च्या दशकात पोल्कासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि २००९ साली तो गुंडाळला. तोवर एकट्या जिमी स्टरने १८ वेळा तो जिंकला होता, आणि त्यावरही विनोद झाले. ज्यांचं संगीत हास्यास्पद, त्यांचं दुःखही हास्यास्पद!

आणि हे गाव कोणतं? हेझलटनजवळच्या लॅटिमर इथे १० सप्टेंबर १८९७ रोजी संपावर गेलेल्या निःशस्त्र खाणकामगारांच्या मोर्चावर शेरिफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. १९ जण मेले, पोलिश, स्लोव्हाक, लिथुएनियन. मोर्चाच्या पुढे अमेरिकेचा झेंडा होता. अनेकांना पाठीत गोळ्या लागल्या होत्या. शेरिफ आणि त्याचे साथीदार निर्दोष सुटले. अशा माणसांच्या वारसांनी दोन-तीन पिढ्या घाम गाळून जी शिल्लक टाकली, ती लेवानने ‘आपल्या मातीचा माणूस’ म्हणून उचलली. त्याने विकलं ते व्याज नव्हतंच. त्याने विकली ती गावाकडची आठवण.

याच हेझलटनने २००६ साली, म्हणजे लेवान तुरुंगात असताना, एक वटहुकूम काढला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरिताला घर भाड्याने दिलं तर मालकाला दंड, नोकरी दिली तर धंद्याचा परवाना रद्द. रोख होता नव्याने आलेल्या लॅटिनो मजुरांवर. संघराज्याच्या न्यायालयाने २००७ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाचं अपील ऐकायला नकार दिला. तोवर तो वटहुकूम आणणारे महापौर लू बार्लेटा काँग्रेसमध्ये पोचले होते. म्हणजे बघा, गोदामात आणि कारखान्यात राबायला आलेला डोमिनिकन मजूर गावाला धोका, आणि ४०० घरं धुऊन नेणारा भरजरी युरोपीय मात्र ‘अमेरिकन ड्रीम’च्या मागे धावताना जरा पाय घसरलेला बिचारा! कोणत्या स्थलांतरिताच्या गुन्ह्याला विनोद म्हणायचं आणि कोणाच्या नुसत्या असण्याला गुन्हा म्हणायचं, हे कोण ठरवतं? आपण सावळ्या कातडीचे लोक हा प्रश्न विचारणार नाही, तर कोण विचारणार?

आता जरा घरात डोकावू. या प्रकाराला अमेरिकेचा रोखे आयोग ‘ॲफिनिटी फ्रॉड’ म्हणतो. मी त्याला आपलेपणाचा दरोडा म्हणेन. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पोंझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हा त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांत त्याच्यासारखेच इटालियन स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. भाषा, देऊळ, गाणं, जात, गाव, कशाचाही वापर करता येतो. अट एकच, समोरच्याला ‘चौकशी केली तर तो काय म्हणेल’ असा संकोच वाटला पाहिजे.

आमच्या भागातही असाच एकजण होता. गणेशोत्सवात स्पीकर लावणं, नाटकाच्या तालमीला चहा आणणं, विमानतळावर कोणालाही सोडायला जाणं, सगळ्यात पुढे. त्याच्याकडे प्रॉमिसरी नोटाच होत्या, व्याज १४ टक्के. माझ्या ओळखीचे एक निवृत्त काका मुलीजवळ राहायला आले होते. त्यांना त्याच्याकडे मी घेऊन गेलो. “आपलाच माणूस आहे, काका,” हे वाक्य माझं. पैसे गेले. काकांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही. मुलीला मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, लाज वाटते म्हणाले. पोलिसांत कोणी गेलं नाही, कारण ‘समाजाची बदनामी नको’. तो माणूस दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथेही गणपतीला स्पीकर लावत असेल. त्या रात्री पडद्यावर म्हातारे हसत हसत चेक फाडू लागले तेव्हा मला काकांचं चेकबुक आठवलं. हसू थांबलं ते तिथे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. चित्रपटावर बंदी वगैरे घाला असं मी म्हणणार नाही, बंदीचा पुरस्कार आपल्या मंचाने कधी करू नये. पण आपल्या कार्यक्रमांत, आपल्या व्यासपीठावरून, कोणत्याही गुंतवणुकीचा प्रचार होऊ देऊ नये. देणगीदार कितीही मोठा असो. कोणी हमखास व्याज सांगितलं तर ‘नोंदणी कुठे केली आहे?’ हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारावा. राज्याच्या रोखे नियामकाकडे फोन करायला आणि फिनराच्या ब्रोकरचेकवर नाव तपासायला एक पैसाही लागत नाही. आणि जो फसला त्याला ‘तुम्हाला कळलं नाही का हो?’ असं विचारणं बंद करावं. त्या एका प्रश्नाच्या धाकाने माणसं गप्प बसतात, आणि त्यांच्या गप्प बसण्यावरच पुढचा लेवान पोसला जातो.

मी गेल्या आठवड्यात काकांच्या मुलीला फोन केला. काका आता नाहीत. सगळं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा एवढे काटकसर का करतात म्हणून मी त्यांच्यावर चिडायचे.”

यावर विनोदी चित्रपट काढून दाखवा.

आपला,
मंचाचा एक सभासद