नाजूक आहे म्हणून कपाटात ठेवायचं, की शिकवून हातात द्यायचं?



आपल्या शाळेतलं विज्ञान साहित्याचं कपाट शेवटचं कधी उघडलं होतं, जरा आठवून बघा. भिंग, चुंबकपट्ट्या, होकायंत्र, स्प्रिंगचा काटा, एखादा सूक्ष्मदर्शक. बऱ्याच ठिकाणी हे सगळं आलं त्याच खोक्यात असतं, वर डेडस्टॉकचा नंबर टाकलेला. विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "नाजूक आहे हो, मुलं मोडतील."

आज मला या "नाजूक आहे" बद्दलच बोलायचं आहे. त्यासाठी उदाहरण जरा लांबचं घेतलं आहे. मी प्राथमिकला शिकवते, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर नाही. पण जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचायची मला आवड आहे. त्यातलं एक यंत्र इतकं नाजूक आहे, की आपल्या कपाटातली कुठलीच वस्तू त्याच्या जवळपास जात नाही. तरी ते कसं वापरायचं आणि कसं सांभाळायचं, हे बनवणाऱ्यांनी ज्या पद्धतीने लिहिलं, त्यात आपल्यासाठी शिकण्यासारखं बरंच आहे.

यंत्र काय आहे?

ऑसिलोस्कोप नावाचं यंत्र विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, ते पडद्यावर रेघ काढून दाखवतं. दवाखान्यात ईसीजीची रेघ आपण पाहिलेली असते. तशीच ही रेघ, पण कित्येक पटींनी वेगवान बदल दाखवणारी. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९४६ साली सुरू झालेली टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी या यंत्रांसाठी जगभर नावाजली गेली. तिच्या त्या काळच्या अनेक ऑसिलोस्कोपना पुढच्या बाजूला एक मोकळा कप्पा असे. जसं काम असेल, तसं युनिट त्यात सरकवून बसवायचं. त्याला प्लग-इन म्हणतात. मिक्सर एकच, भांडी वेगवेगळी, तसंच समजा.

यातलं एक भांडं म्हणजे सॅम्पलिंग प्लग-इन. १९६० च्या दशकातलं 'टाइप १एस१' हे त्यातलं एक. ते ज्या ऑसिलोस्कोपमध्ये बसायचं, ते एरवी सेकंदाला साधारण ३ कोटी आवर्तनांपर्यंतचे बदल नीट दाखवू शकत. हे युनिट बसवलं की तोच ऑसिलोस्कोप सेकंदाला १०० कोटी आवर्तनांपर्यंत पोचायचा. ०.३५ नॅनोसेकंदात होणारी उडी त्यात दिसायची. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर पुढे जातो.

हे कसं जमतं? शाळेचंच उदाहरण घेऊ. समजा आपली शाळा ११ ते ५, म्हणजे ३६० मिनिटं. आपल्याकडे एक कॅमेरा आहे, पण एक फोटो काढला की त्या दिवशी दुसरा काढता येत नाही. मग पूर्ण दिवस कसा दाखवायचा? पहिल्या दिवशी घंटा झाल्या झाल्या फोटो काढा. दुसऱ्या दिवशी घंटेनंतर १ मिनिटाने, तिसऱ्या दिवशी २ मिनिटांनी. असे ३६० दिवसांचे फोटो ओळीने लावले, की शाळेचा एक अख्खा दिवस अल्बममध्ये दिसतो. परिपाठ, मधली सुट्टी, शेवटचा तास, सगळं.

सॅम्पलिंग प्लग-इन हेच करतं. सिग्नल पुन्हा पुन्हा तसाच येत असतो. युनिट दर वेळी एका क्षणापुरतंच दार उघडून एक ठिपका टिपतं, पुढच्या वेळी किंचित उशिराचा ठिपका टिपतं. सेकंदाला फार तर एक लाखाच्या आसपास ठिपके. पण ते शेजारी शेजारी मांडले की वेगवान सिग्नलचं चित्र सावकाशपणे तयार होतं.

यात दोन अटी आहेत. रोजचं वेळापत्रक तेच हवं. आणि मिनिटं ज्या घंटेपासून मोजायची, ती घंटा पक्की हवी. घंटा कधी पाच मिनिटं आधी, कधी उशिरा झाली तर अल्बम हलून जाईल. यंत्रातल्या या घंटेला ट्रिगर म्हणतात. ट्रिगर नीट लावला नसेल तर पडद्यावरची रेघ थरथरते.

वापरायच्या सूचना: प्रत्येकीमागे कारण

आता नाजूकपणाकडे येऊ. ते क्षणापुरतं दार उघडायचं काम काही बारीकसे डायोड करतात. काही व्होल्टांपेक्षा जास्त दाब आत गेला तर ते जळू शकतात. नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना? त्या ठिणगीत हजारो व्होल्ट असतात. तेवढी एक ठिणगी या डायोडना पुरते.

अशा यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलेलं असेल असं वाटतं? "हात लावू नये"? तसं नाही. लिहिलेलं असतं ते साधारण असं. केबल यंत्राला जोडण्याआधी तिचा मधला तांब्याचा तार आणि बाहेरचं जाळीचं वेष्टण एकदा एकमेकांना टेकवून घ्या. कारण नुसती पडून राहिलेली केबलही वीज साठवून ठेवते आणि जोडताक्षणी ती सगळी आत सोडते. सिग्नल मोठा असेल तर तो लहान करणारा जोड आधी लावा, मग यंत्राला द्या. यंत्र सुरू केल्यावर लगेच मोजू नका. ते तापून स्थिर होऊ दे, कारण तोवर आकडे सरकत राहतात.

आणि मला सगळ्यात आवडलेली सूचना. पडद्यावर दिसतंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. ठिपके फार विरळ असतील तर खोटंच चित्र दिसू शकतं. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसंच हे. मग ओळखायचं कसं? ठिपके दाट करून बघा. चित्र तेच राहिलं तर खरं मानायला हरकत नाही. बदललं तर आधीचं फसवं होतं.

इथे नुसता नियम सांगून कोणी थांबलेलं नाही. काय बिघडू शकतं, का बिघडतं आणि आपल्या लक्षात कसं येईल, हे तिन्ही सांगितलं आहे. कारण कळलं की माणूस नियम पाळतो, आणि पुस्तिकेत नसलेल्या प्रसंगातही काय करावं ते त्याला सुचतं. चौथीतल्या मुलाचंही तसंच असतं.

सांभाळायच्या सूचना: यंत्र उघडायलाच दिलेलं

त्या काळच्या पुस्तिकांमध्ये देखभालीचा वेगळा भाग असे. सोबत आतल्या जोडणीच्या आकृत्या आणि सुट्या भागांची यादी. धूळ हलक्या हवेच्या झोताने आणि मऊ ब्रशने काढा, कारण साठलेली धूळ उष्णता धरून ठेवते आणि दमट हवेत वीज भलतीकडे वाहू देते. ठरावीक काळाने, उदाहरणार्थ सहा महिन्यांनी, यंत्र पुन्हा जुळवून घ्या.

बिघाड शोधायचा क्रमही शिकण्यासारखा आहे. आधी पुढची बटणं बरोबर जागी आहेत का ते बघा, कारण चुकीच्या जागी फिरवलेलं बटण बिघाडासारखंच दिसतं. मग जोडलेली बाकीची साधनं तपासा. मग नुसत्या डोळ्यांनी बघा, काही सुटलंय का, काही जळलंय का. जळलेला भाग सापडला तर तो लगेच बदलू नका. तो का तापला ते आधी शोधा, नाहीतर नवीनही जळेल.

अजून एक गोष्ट. हे युनिट ज्या ऑसिलोस्कोपमध्ये बसायचं, त्यांच्या आत सिरॅमिकच्या पट्ट्यांवर सगळी जोडणी असे. त्या पट्ट्यांच्या खाचांमध्ये चांदीचा थर असतो. नेहमीचं सोल्डर वारंवार वापरलं तर चांदी त्यात विरघळते आणि थर सुटतो. म्हणून थोडी चांदी मिसळलेलं सोल्डर वापरायचं. कंपनीने नुसती सूचना देऊन हात झटकले नाहीत. त्या सोल्डरची एक छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच लावून दिली! म्हणजे बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की हे यंत्र एक दिवस उघडलं जाणार, दुरुस्त होणार. उघडणाऱ्याला त्यांनी गुन्हेगार मानलं नाही, त्याच्यासाठी सामान ठेवलं.

आता आपलं कपाट

माझं म्हणणं सरळ आहे. नाजूकपणा हे वस्तू कपाटात ठेवायचं कारण होऊ शकत नाही. ते वस्तूची काळजी शिकवायचं कारण आहे. कपाटातलं भिंग सुरक्षित राहतं खरं, पण पाचवीत गेलेल्या मुलाला ते धरता येत नाही, हे नुकसान कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

मुलांना साहित्य देण्याआधी एक तास काळजीचा घ्या. प्रत्येक वस्तूसाठी मुलांकडूनच एक काळजीपत्रक करून घ्या. त्यात चार ओळी: ही वस्तू काय करते, कशाने बिघडते, का बिघडते, बिघडली हे कसं ओळखायचं.

भिंगाचं बघा. आधी फुंकर, मग मऊ कापड. कारण धुळीत वाळूचे कण असतात, कोरडंच पुसलं तर तेच कण काचेवर ओरखडे काढतात. आणि भिंगातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, कारण तिथे बिघडतो तो आपला डोळा.

चुंबकपट्ट्या जोडीने ठेवायच्या, विरुद्ध ध्रुव शेजारी आणि टोकांना लोखंडाचे तुकडे. आपटायच्या नाहीत, तापवायच्या नाहीत. कारण त्याने चुंबकत्व कमी होतं.

होकायंत्र चुंबकापासून लांब. जोरदार चुंबकाने सुईचे ध्रुव उलटू शकतात आणि उत्तरेचं टोक दक्षिण दाखवायला लागतं. ओळखायचं कसं? दुसरं होकायंत्र त्याच जागी, पहिलं बाजूला काढून, ठेवून बघायचं. दोघांची दिशा जुळली तर ठीक. ठिपके दाट करून बघण्यासारखंच आहे हे!

सेलवर चालणारं काहीही असेल तर सुट्टीआधी सेल काढून ठेवायचे. कारण सेल गळतात आणि आतले पत्रे खातात.

महिन्यातून एकदा साहित्याची तपासणी मुलांच्या गटाकडे द्या. यादी, कापड, ब्रश आणि एक वही. चौथीची मुलं हे आनंदाने करतात.

दोन शंका

पहिली शंका, "ती यंत्रं शिकलेल्या लोकांसाठी होती, ही लहान मुलं आहेत." मान्य. म्हणून काही गोष्टी मुलांपासून लांबच हव्यात. पाऱ्याची तापमापी, घरच्या विजेवर चालणारी उपकरणं यात वाद नाही. पण भिंग आणि चुंबक या यादीत घालू नका.

दुसरी शंका जास्त खरी आहे, आणि ती शिक्षकांची आहे. वस्तू मोडली तर चार्ज देताना, ऑडिटला उत्तर कोण देणार? ही भीती खोटी नाही. कुलूप आळसामुळे लागत नाही, बहुतेक वेळा या भीतीमुळे लागतं. म्हणून मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझी विनंती आहे. वापरताना मोडलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांच्याकडे एकाच नजरेने बघू नका. काळजीपत्रक असेल, वापराची नोंद असेल, तर मोडलेल्या भिंगाचं निर्लेखन करताना शिक्षकाला अपराधी वाटू नये. उलट वर्षभर एकही वस्तू वापरली गेली नसेल, तर तिथे प्रश्न विचारा.

आणि पालकहो, घरीही हे होऊ शकतं. "हात लावू नकोस" च्या पुढे एक "कारण" जोडून बघा. मिक्सरचं झाकण चालू असताना का उघडायचं नाही, चार्जरची वायर मुळाशी का वाकवायची नाही, चष्मा काचा वर करून का ठेवायचा. दोन मिनिटं जास्त लागतील. पण पुढच्या वेळी मूल तुम्ही नसतानाही सांभाळून वागेल.

या आठवड्यात कपाटातली एकच वस्तू बाहेर काढा. तिचं काळजीपत्रक मुलांकडून लिहून घ्या आणि ती त्यांच्या हातात द्या. मुलांनी "का बिघडते" पुढे काय लिहिलं, ते मला नक्की कळवा.