टाळी वाजवण्यापूर्वी

मैत्रिणींनो, २०२४च्या जुलैमधली गोष्ट. आमच्या संघटनेच्या साप्ताहिक बैठकीत एक तरुण कार्यकर्ती अमेरिकेतली बातमी वाचून दाखवत होती. उत्तर कॅरोलायना राज्यात फोर्ट ब्रॅग नावाचा मोठा लष्करी तळ आहे. त्या वेळी त्याचं नाव फोर्ट लिबर्टी होतं. तिथे फाटकांवर पहारा करणाऱ्या सैनिकांना दहशतवादाबद्दल माहिती देताना पडद्यावर एक स्लाइड दाखवली जात होती. त्या स्लाइडवर गर्भपाताला विरोध करणाऱ्या 'नॅशनल राइट टू लाइफ' आणि 'ऑपरेशन रेस्क्यू' या दोन संघटना दहशतवादी गट म्हणून दाखवल्या होत्या. स्लाइडचा फोटो बाहेर आला आणि गदारोळ झाला. लष्कराने खुलासा केला, की ही स्लाइड तळावरच्या एका कर्मचाऱ्याने केली होती, वरिष्ठांनी ती तपासलेली नव्हती, ते लष्कराचं मत नाही आणि ती यापुढे वापरली जाणार नाही. पण तोवर ती कित्येक वर्षं दाखवली जात होती.

बातमी संपली तशी कुणीतरी म्हणालं, "बरं झालं! बायकांचा हक्क हिरावणाऱ्यांना कुणीतरी दहशतवादी म्हटलं तरी." सगळ्या हसल्या, दोघी-तिघींनी टाळ्याही वाजवल्या. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. २०२२च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं, तेव्हा याच खोलीत आम्ही सुन्न होऊन बसलो होतो. माझेही हात टाळीसाठी उचलले गेले होते. पण ते तसेच राहिले. मला शालन आठवली.

शालन हे तिचं खरं नाव नाही. २००२ सालची गोष्ट. एका छावणीच्या गावात आम्ही काम सुरू केलं होतं. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या सुभेदाराची मुलगी, त्यामुळे जवानांच्या बायकांची परिस्थिती मला घरातूनच माहीत होती. नवरा सीमेवर, पैसे सासऱ्याच्या हातात, आणि क्वार्टर मिळून नवऱ्याजवळ राहायला गेलं की ना माहेर जवळ, ना ओळखीचं माणूस. या बायकांना कायद्याची माहिती द्यावी म्हणून आम्ही एका तासाच्या कार्यक्रमाची परवानगी मागणारा अर्ज दिला. लष्कराच्या कायद्यातच अशी तरतूद आहे, की जवान बायकोमुलांना पोसत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने त्याच्या पगारातून पोटगी कापता येते. हे किती बायकांना ठाऊक असतं? तेवढंच सांगायचं होतं.

अर्जाला लेखी उत्तर आलं नाही. तोंडी निरोप आला : "तुमची संघटना राजकीय आहे. तुमच्यापासून लांब राहायला जवानांना सांगितलंय."

आमचं राजकारण कोणतं? आम्ही दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चा काढला होता आणि रेशनवर रॉकेल मिळत नाही म्हणून तहसील कचेरीसमोर बसलो होतो. आम्हाला राजकीय कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. कागदच नव्हता, तर दाद कशावर मागायची?

शालन त्या क्वार्टर्समध्ये राहत होती. नवरा मारायचा. आमचा पत्ता तिला एका भाजीवालीने दिला होता. पण नवऱ्याने बजावलं होतं, "त्या बायका पॉलिटिक्सवाल्या आहेत. तिथं गेलीस तर माझी नोकरी जाईल." ती आठ महिने आली नाही. आली तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मी तिला विचारलं, "आधी का नाही आलीस गं?" ती म्हणाली, "ताई, सरकारनंच सांगितलं होतं ना, तुमच्याकडं जायचं नाही म्हणून."

म्हणून माझी टाळी वाजली नाही. त्या अमेरिकन फाटकावरच्या स्लाइडमध्ये आणि आमच्या छावणीतल्या तोंडी निरोपात मला एकच गोष्ट दिसली. कुणीतरी, आपल्या अकलेनुसार, कुणालाही न विचारता एक यादी करतं आणि सैनिक ती हुकूम समजून ऐकतो. त्या यादीत आज आपल्या विरोधकांचं नाव आहे. पण अशा याद्यांमध्ये बायकांची नावं फार वेळा आली आहेत.

अमेरिकेचाच इतिहास पाहू. १९६१ साली अणुचाचण्यांमधला विषारी कण मुलांच्या दुधात उतरतो म्हणून तिथल्या हजारो गृहिणी घरकाम टाकून रस्त्यावर आल्या. 'विमेन स्ट्राइक फॉर पीस' हे त्यांच्या संघटनेचं नाव. देशाच्या गुप्तहेर खात्याने या संघटनेत आपली माणसं घुसवली होती, हे १९७५ साली रॉकफेलर आयोगाच्या अहवालातून बाहेर आलं. १९७० साली ख्रिस्तोफर पाइल या लष्करी गुप्तवार्ता विभागातल्या माजी कॅप्टनने लेख लिहून उघड केलं, की लष्कर देशभरातल्या निदर्शनांवर आणि साध्या नागरिकांवर नजर ठेवतं. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीसमोर त्याची सुनावणी झाली. धडा घेतला गेला असेल असं वाटावं, तर २००५ साली पुन्हा तेच. संरक्षण खात्याच्या 'टॅलन' नावाच्या धोक्याच्या नोंदवहीत फ्लोरिडातल्या एका क्वेकर प्रार्थनागृहातली बैठक निघाली. शाळांमध्ये होणाऱ्या सैन्यभरतीला विरोध कसा करायचा, एवढंच तिथे जमलेले लोक बोलत होते. ही नोंदवही २००७ साली बंद झाली.

मग सैनिकांना सावध करूच नये का? असं मी म्हणत नाही, कारण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. याच फोर्ट ब्रॅगमधल्या दोन सैनिकांनी डिसेंबर १९९५मध्ये जवळच्या फेएटव्हिल शहरात रस्त्याने चाललेल्या एका काळ्या पुरुषाला आणि एका काळ्या स्त्रीला गोळ्या घालून मारलं. ते नवनाझी विचारांचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओक्लाहोमा शहरातली सरकारी इमारत बॉम्बने उडवून १६८ माणसांचा जीव घेणारा टिमथी मॅकव्हे हा आखाती युद्ध लढलेला माजी सैनिक. १९९८च्या जानेवारीत बर्मिंगहॅमच्या गर्भपात केंद्रावर बॉम्ब ठेवणारा एरिक रुडॉल्फ, तोही पूर्वी लष्करात होता. त्या स्फोटात एक पोलीस ठार झाला आणि तिथली एक परिचारिका भयंकर जखमी झाली. ती कामावर आलेली बाई होती, आपल्यासारखीच. हत्यार चालवायचं शिक्षण सरकारने द्यायचं आणि ते कुणावर चाललं याची फिकीर करायची नाही, असं बायकांची चळवळ कशी म्हणेल?

प्रश्न आहे तो सावध कशाबद्दल करायचं याचा. नावाबद्दल, की कृत्याबद्दल? रुडॉल्फचा गुन्हा गर्भपाताला विरोध हा नव्हता. तो विरोध लाखो बायकासुद्धा करतात, त्यांच्याशी आपण वाद घालू, हवं तर जन्मभर घालू. त्याचा गुन्हा बॉम्ब हा होता. सैनिकाला बॉम्ब, धमकी, शस्त्रांची चोरी, माणसाला जातीवरून, वंशावरून, बाई म्हणून ठेचायची शिकवण, यांबद्दल सावध करा. पत्रकं वाटणाऱ्या, मोर्चे काढणाऱ्या, कोर्टात जाणाऱ्या संघटनेचं नाव मात्र त्या पंगतीत बसवू नका. मग ती संघटना आपल्याला कितीही खुपत असो.

हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला कळत नव्हतं असंही नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या संसद भवनावर जमावाने हल्ला केला. त्यात माजी सैनिक होते, काही नोकरीतलेही होते. तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी ५ फेब्रुवारीला हुकूम काढला, की ६० दिवसांच्या आत प्रत्येक तुकडीने एक दिवस रोजचं काम थांबवून या विषयावर बोलावं. डिसेंबर २०२१मध्ये सुधारित नियम आले. त्यांत कोणत्याही संघटनेची यादी नव्हती, काय केलेलं चालणार नाही ते सांगितलं होतं. स्त्री-पुरुष भेदावरून बेकायदा भेदभावाचा प्रचार करणं हेही त्यात होतं. नियम म्हणून ठीकच म्हणायला हवा.

पण मैत्रिणींनो, इथेच मेख आहे. राजधानीत हा नियम झाला आणि त्या तळाच्या फाटकावर जुनी स्लाइड २०२४पर्यंत तशीच चालू राहिली. पहाऱ्यावरच्या पोराला नियमांचं पुस्तक कोण वाचून दाखवतो? त्याच्यापर्यंत पोचते ती वर्गात दाखवलेली स्लाइड, हवालदाराने दिलेला इशारा.

आपल्याकडेही तसंच आहे. राज्यघटनेच्या कलम ३३ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिला. १९५०च्या आर्मी ॲक्टच्या कलम २१मध्ये आणि १९५४च्या नियमांमध्ये त्या मर्यादा आल्या. सैनिकाने राजकीय सभेत भाग घ्यायचा नाही, राजकीय संघटनेचं वा चळवळीचं सभासद व्हायचं नाही, त्यांना वर्गणी द्यायची नाही. नियमात एकाही पक्षाचं नाव नाही. माझे आबा सांगायचे, "पोरी, पलटणीत सगळे एका लंगरातलं जेवायचो. मत प्रत्येकाचं होतं, पण ते पेटीत टाकायचं, ताटात नाही आणायचं." मला हे पटतं. बंदूक हातात असलेल्या माणसाने पक्षाचा झेंडा घेऊ नये, यातच आपलं सगळ्यांचं हित आहे. हा नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणून आबांना त्याचा अपमान वाटला नाही.

पण 'राजकीय' आणि 'चळवळ' या शब्दांत काय बसतं ते फाटकावर ठरतं. तिथे दारूबंदीचा मोर्चाही बसतो आणि कायद्याच्या माहितीचा तासही. शिवाय एक गोष्ट सोयीने विसरली जाते. हा नियम जवानाला आहे, त्याच्या बायकोला नाही. ती आर्मी ॲक्टखाली येत नाही. ती या देशाची नागरिक आहे. तिने सभेला जावं, संघटनेत यावं, निवडणुकीला उभं राहावं, नवऱ्याच्या वर्दीने तिचा तो हक्क जात नाही. शालनला हे कुणी सांगितलं असतं तर!

आणि फक्त क्वार्टर्समधल्या बायकांचाच हा प्रश्न नाही. १५ जुलै २००४ रोजी इंफाळला कांगला किल्ल्याच्या फाटकासमोर बारा बायका विवस्त्र उभ्या राहिल्या. तेव्हा तिथे आसाम रायफल्सचं ठाणं होतं. थांगजाम मनोरमा या तरुणीला जवानांनी घरातून ताब्यात घेतल्यानंतर तिचा मृतदेहच सापडला होता. त्याचा जाब या बायका मागत होत्या. फाटकामागे उभ्या असलेल्या जवानाला त्या कोण म्हणून दिसाव्यात? संतापलेल्या आया, की कुणीतरी पढवून पाठवलेल्या? त्याला आधी काय सांगून ठेवलंय, यावर ते ठरतं. 'अमक्या संघटना देशाच्या शत्रू' हे ज्याच्या मनावर बिंबवलं, त्याला समोरचं माणूस दिसत नाही, फक्त यादीतलं नाव दिसतं.

कुणी म्हणेल, नावं न घेता धोका सांगायचा कसा? ज्या संघटनेवर सरकारने कायद्याने, राजपत्रात जाहीर करून बंदी घातली आहे तिचं नाव घ्यायला हरकत नाही. ती बंदी उघड असते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. त्यापलीकडच्या संघटनांविषयी सैनिकांना काही सांगायचं असेल तर ते लेखी असावं, त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी, आणि ज्यांच्याबद्दल सांगितलं त्यांना त्यावर बोलता यावं. तोंडी निरोपावर कुणालाही देशद्रोही, दहशतवादी वा 'पॉलिटिक्सवाले' ठरवू नये. आपण छावणीच्या गावांतल्या कार्यकर्त्यांनी एवढी मागणी तरी लावून धरावी. आणि सैनिकांच्या बायकांना त्यांचा हक्क सांगायचं काम परवानगीची वाट न बघता फाटकाबाहेर, बाजारात, शाळेच्या दाराशी करत राहावं.

एक काम मात्र आपल्या स्वतःच्या मनाशी करायचं आहे, आणि ते जड आहे. ज्यांच्याशी आपलं हाडवैर आहे अशांचं नाव यादीत आलं, तेव्हाही 'हे चुकीचं आहे' म्हणायचं. आमच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक मैत्रीण चिडली. म्हणाली, "त्यांनी आपल्यासाठी कधी तोंड उघडलं होतं?" नसेल उघडलं. मी त्यांच्यासाठी बोलतच नाही. मी शालनच्या डाव्या कानासाठी बोलते आहे.

तुमच्या भागात असे अनुभव आले असतील. ते लिहून कळवा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा.