चाळीसगावचा टांगा आणि आजचा बॅज

आपल्या वस्त्यांमधून विहाराशेजारी अभ्यासिका उभ्या राहिल्या, ही चळवळीची मोठी कमाई आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, पोलीस भरतीचे आणि तलाठी भरतीचे प्रश्नसंच असतात. मात्र वस्तीतला जो तरुण शाळा सुटल्यावर टेम्पोवर क्लीनर म्हणून जातो, पुढे तोच टेम्पो हाती घेतो आणि एक दिवस एसटीच्या स्टिअरिंगवर बसण्याचे स्वप्न पाहतो, त्याच्या परीक्षेचे एकही पुस्तक त्या कपाटात नसते. कारण ती परीक्षा आहे, हेच आपल्याला मान्य नाही! हेवी लायसन आणि प्रवासी वाहनाचा बॅज म्हणजे एजंटच्या हातावर ठेवायची रक्कम, एवढीच आपली समजूत. ही समजूत आपल्या समाजाला परवडणारी नाही. का परवडणारी नाही, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातील एका अपघातानेच सांगून ठेवले आहे.

१९२९ सालची गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीवर होते; पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. आपल्या नेत्याने पायी चालावे, हे बांधवांना रुचेना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. म्हणून वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीवर टांगा कलंडला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे.

या प्रसंगातला पहिला धडा आपण पाठ केला आहे. पोटासाठी टांगा हाकणारा माणूसही जातीच्या बळावर स्वतःला अस्पृश्य बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ समजत होता. पण दुसरा धडा आपण सोयीस्करपणे विसरतो. बांधवांनी बाबासाहेबांची प्रतिष्ठा राखली, मात्र त्यांच्या जिवाची काळजी घेतली नाही. प्रवाशाची सुरक्षितता त्याच्या मानापेक्षा मोठी असते, हे बाबासाहेबांनी कसलाही राग न धरता, पण स्पष्टपणे नोंदवले. शिक्षणावाचून हाती घेतलेला लगाम आपल्याच माणसाचा पाय मोडतो, असा त्याचा अर्थ.

वाहन कोणी हाकायचे, हा प्रश्न माणुसकीच्या लढ्यात सगळीकडे आला आहे. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात १९५५ साली रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि कृष्णवर्णीयांनी वर्षाहून अधिक काळ बसवर बहिष्कार टाकला, हे आपण भाषणांतून ऐकतो. पण त्यांच्या सुरुवातीच्या तीन मागण्यांपैकी एक मागणी कृष्णवर्णीय वस्त्यांतून जाणाऱ्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत, ही होती. आसनावर बसण्याचा हक्क जितका महत्त्वाचा, तितकाच स्टिअरिंगवर बसण्याचा!

आता आपल्या परीक्षेकडे येऊ. प्रवासी वाहन चालवायचे तर वय किमान वीस वर्षे हवे. हलक्या वाहनाचा पक्का परवाना हाती येऊन एक वर्ष झालेले हवे. डॉक्टरांचा नमुना १-अ आणि मोटार ट्रेनिंग स्कूलचा नमुना ५ लागतो. वाहतूक परवान्यासाठी आठवी पासची अट केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली, ही गरीब घरातल्या मुलांसाठी चांगली गोष्ट झाली. तरीही २०१९ च्याच एसटी भरतीत दहावी मागितली होती, हे लक्षात ठेवून शाळा सोडू नका. बॅजसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर झालेल्या बंदमध्ये आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. ज्यांच्या नावावर अशी नोंद असेल, त्यांनी अर्ज करण्याआधीच वकिलाकडून आपल्या प्रकरणाची आजची स्थिती काढून घ्यावी. चळवळीतल्या वकिलांनी हे काम फी न घेता करावे.

आणि अभ्यास काय करायचा? हेवी गाडीच्या शिक्षणासाठी नियमाने किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे पंधरा तास ठरवले आहेत. त्यात रस्त्याच्या खुणा आहेत, इंजिनाची देखभाल आहे, आग लागली तर काय करायचे ते आहे, प्रथमोपचार आहेत आणि प्रवाशांशी कसे वागावे हाही विषय आहे. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर चालकाने गाडी थांबवायची, वाहकाने किंवा मदतनीसाने उतरून रुळापर्यंत जाऊन दोन्ही बाजू पाहायच्या आणि सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे, असा कायदा आहे. अपघात झाला तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. एजंटकडून लायसन घेतलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? पंधरा तासांऐवजी पंधरा मिनिटांत ट्रायल उरकली जाते, तेव्हा पैसे आपले जातात आणि जीव प्रवाशांचे जातात. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात कंत्राटी इलेक्ट्रिक बसने माणसे चिरडली, किमान सात जणांचे प्राण गेले. चालकाला त्या गाडीचे शिक्षण किती मिळाले होते, हा प्रश्न तेव्हा साऱ्या मुंबईने विचारला. अशा बसखाली येतो तो पायी चालणारा गरीबच असतो.

पण सगळा दोष तरुणाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. एसटी महामंडळाच्या भरतीत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. कंत्राटदाराच्या भरतीत ते कुठे आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये एसटीसाठी १७,४५० चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने, निविदा काढून घेण्याची घोषणा सरकारने केली. गाडीवर एसटीचे नाव, अंगावर एसटीचा गणवेश आणि नोकरी मात्र ठेकेदाराची! मागच्या दाराने आरक्षण गिळण्याचा हा रस्ता आहे. आपण तो रोखला नाही तर उद्या आपल्या मुलाकडे लायसन असेल, बॅज असेल, पण कायम नोकरी नसेल. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. दिवसाला आठ तासांची तीच मर्यादा १९६१ च्या कायद्याने मोटार कामगारालाही मिळाली. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रम संहितेत सामावला गेला, पण आठ तासांचे तत्त्व कायम आहे. सलग दोन पाळ्या करायला लावणाऱ्या मालकासमोर हे सांगण्यासाठीसुद्धा चालकाने वाचलेले असले पाहिजे.

म्हणून बांधवांनो, आजपासून प्रत्येक अभ्यासिकेत मोटार वाहन कायद्याचे मराठी पुस्तक आणि वाहतूक चिन्हांचा तक्ता लागला पाहिजे. प्रत्येक वस्तीत एसटीतून, बेस्टमधून, पीएमटीतून निवृत्त झालेला एखादा चालक असतोच. रविवारी वंदना झाल्यावर त्याने तासभर मुलांना शिकवावे. घाटात उतरताना कोणता गिअर ठेवावा, पावसात ब्रेक कसा दाबावा, भांडखोर प्रवाशाला कसे उत्तर द्यावे, हे त्याच्याइतके चांगले कोण सांगणार? या वर्गात मुलींनाही बसवा. एसटीच्या स्टिअरिंगवर महिला बसू लागल्या आहेत, त्यात आपल्या लेकी का नसाव्यात? आणि जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा एखाद्या होतकरू मुलाच्या ट्रेनिंग स्कूलच्या फीसाठी बाजूला काढा. डीजेच्या एका रात्रीपेक्षा ते अभिवादन मोठे ठरेल.

चाळीसगावच्या त्या बांधवाचा हेतू शुद्ध होता, त्याला शिकायची संधी कोणी दिली नव्हती. आज संधी आहे. तरीही आपण एजंटच्या दारात उभे राहणार असू, तर दोष कोणाला देणार? उद्या चाळीसगाव स्टेशनसमोरून सुटणाऱ्या एसटीच्या स्टिअरिंगवर आपला माणूस असावा, त्याच्या छातीवर स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेला बॅज असावा आणि मागे बसलेला प्रत्येक प्रवासी, मग तो कोणत्याही जातीचा असो, निर्धास्त झोपी जावा. बाबासाहेबांना नाकारलेल्या टांग्याला आपले उत्तर असे असले पाहिजे.

जयभीम!